धक्क्याधक्क्यानं उभा राहिलेला पर्वत

महाराष्ट्रात १८९७ चा जून म्हटला की पुण्यातला प्लेग आणि २२ तारखेच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेल्या गोळ्या आठवतात. त्याच्या दहाच दिवस आधी, १२ जूनच्या संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला, देशाच्या दुसऱ्या टोकाला शिलाँग जमीनदोस्त झालं होतं. शिलाँग तेव्हा आसाम प्रांताची राजधानी. दगडात बांधलेलं जवळजवळ सगळं तिथं कोसळलं. हादरे कलकत्त्यापर्यंत पोचले आणि तिथल्याही इमारतींना तडे गेले. आजच्या हिशेबानं त्या भूकंपाची महत्ता ८.१ च्या आसपास होती. तरी मेलेल्यांची संख्या दीड हजाराच्या घरात राहिली. संध्याकाळची वेळ असल्यानं माणसं घराबाहेर होती, आणि त्या मुलखातली बहुतेक घरं बांबू-गवताची होती.

या भूकंपाचा तपास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅमकडे आला. भूकंप त्याच्या घरातच होता म्हणायला हरकत नाही. त्याचे वडील थॉमस ओल्डहॅम याच खात्याचे पहिले प्रमुख. १८६९ च्या काचार भूकंपावरचं त्यांचं अपुरं राहिलेलं काम मुलानं पुरं करून छापलं होतं. शिलाँगच्या परिसरात ओल्डहॅमला एक विलक्षण गोष्ट दिसली. जमिनीत अर्धेमुर्धे रुतलेले मोठाले धोंडे आपल्या खळगीतून निघून बाजूला पडले होते आणि खळगीच्या कडा मात्र शाबूत होत्या. धोंडा घरंगळला असता, तर जाताना कड मोडून गेला असता. म्हणजे तो सरळ वर उडाला होता. जमिनीचा वरच्या दिशेचा झटका गुरुत्वाकर्षणावर मात करील इतका जोरदार असल्याखेरीज असं होत नाही.

गारो टेकड्यांच्या बाजूला चेद्रांग नावाची एक छोटी नदी आहे. तिच्या खोऱ्यातून जमीन चिरत गेली होती. नदी त्या चिरेला पुन्हा पुन्हा ओलांडत होती. जिथं खालच्या अंगाची जमीन वर आली तिथं पाणी अडून डोह झाला होता, आणि जिथं वरच्या अंगाची जमीन उचलली गेली तिथं नवा धबधबा कोसळत होता. चिरेच्या दोन्ही बाजूंमधला सर्वांत मोठा फरक सुमारे ३५ फुटांचा निघाला. ज्या टेकडीला लोक अचल म्हणत, तिची एक बाजू काही सेकंदांत इतकी वर आली होती.

सर्वेक्षण खात्याच्या माणसांनी पुढच्या वर्षभरात तिथल्या मोजणीच्या खुणा पुन्हा मोजल्या. उंची आणि अंतरं जुळेनात. ती आकडेवारी शंभर वर्षं दप्तरात राहिली. २००१ साली रॉजर बिलहॅम आणि फिलिप इंग्लंड या दोन शास्त्रज्ञांनी ती नव्यानं तपासली आणि दाखवून दिलं की शिलाँग पठाराची उत्तर कड त्या संध्याकाळी किमान ११ मीटर वर फेकली गेली होती. ज्या चिरेवर हे घडलं ती ११० किलोमीटर लांब आहे आणि जमिनीखाली दडलेली आहे. तिला आता ओल्डहॅमचंच नाव आहे.

पर्वत कसे वाढतात याची गोष्ट मी इथून सुरू करतो, कारण डोंगराची उंची वाढताना माणसानं जवळून पाहिलेला आणि मोजलेला आपल्याकडचा हा पहिला मोठा प्रसंग. शिलाँगचं पठार हिमालयाच्या रांगेत मोडत नाही. ते तिच्यासमोर, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेला उभं आहे. पण त्याला चेपणारा रेटा हिमालयाला उभा करणाराच आहे. तो रेटा कसला, हे मात्र ओल्डहॅमच्या पिढीला सांगता येत नव्हतं.

एक धागा त्याच्याही आधी हाती लागला होता. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासहून सुरू केलेली देशाची त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे सरकत होती. त्या कामावर असतानाच तो जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. पुढं जॉर्ज एव्हरेस्टनं ती मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. माळव्यातल्या सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना ही त्यातली दोन ठाणी. त्यांच्यातलं सुमारे ६०० किलोमीटरचं अंतर दोन रीतींनी काढलं गेलं, एकदा जमीन मोजून आणि एकदा ताऱ्यांचे वेध घेऊन. दोन्हींत दीडशेएक मीटरचा फरक आला. कोणाला तो किरकोळ वाटेल, पण त्या लोकांच्या कामाच्या काटेकोरपणाला हा फरक सहन होण्यासारखा नव्हता.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हे धर्मगुरू आणि पट्टीचे गणिती. त्यांनी ताडलं की वेध घेताना लावलेला ओळंबा हिमालयाच्या ओढीनं किंचित कलत असणार. मग त्यांनी ती ओढ किती असावी याचं गणित मांडलं, आणि उत्तर पाहून कोडं आणखी वाढलं. हिमालयाचा आकार पाहता ओळंबा जितका कलायला हवा होता, त्याच्या जेमतेम एक तृतीयांशच तो कलला होता. एवढा अगडबंब पर्वत, पण वजनाला कमी भरत होता. १८५५ मध्ये इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी त्याचा उलगडा सुचवला. डोंगर जितका वर दिसतो त्याहून कितीतरी खोलवर त्याचं हलक्या खडकाचं मूळ खालच्या जड थरात उतरलेलं असतं, आणि त्या मुळाच्या आधारावर डोंगर तरंगत राहतो. पुढच्या काळात याला भक्कम पुरावा मिळाला. भूकवचाची जाडी खंडांखाली सर्वसाधारणपणे ३५ ते ४० किलोमीटर असते, तिबेटखाली ती ७० किलोमीटरच्या आसपास आहे. जवळजवळ दुप्पट. पण कवच दुप्पट झालं कसं, याचं उत्तर एअरींकडेही नव्हतं.

तोवर हिमालय आपली नोंद ठेवत होताच. ४ एप्रिल १९०५ च्या सकाळी सव्वासहानंतर कांगडा खोरं हादरलं. धरमशाला, कांगडा, पालमपूर या गावांत उभं म्हणावं असं फार थोडं उरलं. कांगड्याचं ब्रजेश्वरी देवीचं मंदिर ढासळलं, शेकडो वर्षं लढायांना पुरून उरलेला किल्ला मोडला. हा भूकंप आठ वर्षांपूर्वीच्या शिलाँगच्या भूकंपाहून कमी ताकदीचा होता, महत्ता ७.८ च्या आसपास. पण मृत्यू वीस हजारांच्या घरात गेले. कारण उघड आहे. सकाळच्या थंडीत बहुतेक माणसं घरात होती, आणि घरं होती मातीत रचलेल्या दगडांची, वर पाटीच्या दगडांची जड छपरं. शिलाँग आणि कांगडा हे दोन भूकंप शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. भूकंप किती मोठा होता यावर डोंगराचं काय झालं ते ठरतं. माणसांचं काय झालं ते मात्र बरंचसं भिंत कशाची होती आणि वाजले किती होते यावर ठरतं. आसामात पुढं लाकडी सांगाडा, बांबू-बोरूच्या गिलावा दिलेल्या भिंती आणि हलकं छप्पर अशा घरांची पद्धत रुळली. ती आजही ‘आसाम टाइप’ या नावानं ओळखली जाते. गेल्या शतकातल्या भारतीय बांधकामातली ही मला सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

ओल्डहॅमचं काम इकडे पुढं सरकलं होतं. शिलाँगच्या धक्क्याची नोंद युरोपातल्या यंत्रांवरही उमटली होती. त्या नागमोडी रेघांतून त्यानं लहरींचे तीन प्रकार वेगळे काढले. सर्वांत आधी येणाऱ्या, त्यांच्या मागून येणाऱ्या आणि पृष्ठभागावरून रमतगमत पोचणाऱ्या. १९०६ मध्ये याच लहरींच्या प्रवासावरून त्यानं दाखवलं की पृथ्वीच्या पोटात वेगळ्या घडणीचा गाभा आहे. दरम्यान सरकारनं अलीपूर, कोडाईकनाल आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत भूकंपमापक यंत्रं बसवली होती. हजारो मैलांवरच्या डोंगरातली चीर आता मुंबईत बसून ऐकता येऊ लागली.

हिमालयाच्या जन्माचा दुसरा पुरावा मात्र कोणत्याही यंत्राहून जुना आहे, आणि तो आपल्या देवघरात असतो. तुळशीच्या लग्नात पूजला जाणारा शाळिग्राम नेपाळातल्या काळ्या गंडकीच्या पात्रात सापडतो. काळा, गुळगुळीत, आणि फुटला तर आत चक्राकार वळी दाखवणारा. ती वळी म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी टेथिस नावाच्या समुद्रात राहत होते. त्या समुद्राच्या तळाचा चिखल पुढं दगड झाला, दगड उचलला जाऊन पर्वत झाला, आणि गंडकीनं तो पर्वत कोरून शाळिग्राम खाली आणले. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडकही चुनखडीचाच आहे. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचलेला.

समुद्राचा तळ पावणेनऊ किलोमीटर उंच गेला कसा? एकोणिसाव्या शतकाचं उत्तर होतं की पृथ्वी थंड होत आक्रसते आहे आणि तिच्या कातडीला सुरकुत्या पडतात. आल्फ्रेड वेगेनरनं जानेवारी १९१२ मध्ये फ्रँकफर्टच्या सभेत वेगळाच विचार मांडला. खंड जागचे हलतात, म्हणाला. दहा वर्षांनी एमिल आर्गां या स्विस भूवैज्ञानिकानं आशियाचा सगळा नकाशा याच नजरेनं वाचला. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत येऊन आशियाखाली घुसला आणि त्या रेट्यात हिमालय व तिबेट वर आले, असं त्याचं म्हणणं. आज ते वाचताना त्याच्या धाडसाचं कौतुक वाटतं. त्या काळी बहुतेकांनी ते बाजूला सारलं, कारण एवढे प्रचंड भूखंड हलवणारी शक्ती कोणती, हे वेगेनरला दाखवता येत नव्हतं. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो मरण पावला तेव्हाही त्याचा सिद्धांत वाळीत टाकलेलाच होता.

पुढचा धक्का १५ जानेवारी १९३४ चा. दुपारी सव्वादोनच्या सुमाराला उत्तर बिहार आणि नेपाळ एकाच वेळी हादरले. महत्ता ८ च्या वर. बिहारच्या सपाट शेतांत जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून वाळू नि पाण्याची कारंजी उडाली. विहिरी वाळूनं तोंडापर्यंत भरल्या, पिकाखालची जमीन वाळूच्या थराखाली गेली. सीतामढीपासून पूर्णियापर्यंत सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात घरं कोसळण्याऐवजी खचली आणि कलली, कारण खालची ओली वाळू द्रवासारखी वागू लागली होती. साखर कारखाने मोडले आणि ऊस शेतातच उभा राहिला. आपल्याकडच्या ऊस पिकवणाऱ्यांना हे संकट वेगळं समजावून सांगायला नको. गंगेच्या काठचं मुंगेर शहर विटांचा ढीग झालं. नेपाळात काठमांडू, पाटण, भक्तपूर इथं हजारो घरं पडली, धरहरा मनोरा मोडला. बिहारमध्ये सात हजारांवर आणि नेपाळात साडेआठ हजारांच्या आसपास माणसं गेली. नेपाळी लोक विक्रम संवतावरून त्याला आजही नव्वद सालचा भूकंप म्हणतात.

राजेंद्रप्रसाद तेव्हा कैदेत होते. सुटका होताच त्यांनी मदतकार्य हाती घेतलं. जवाहरलाल नेहरूंनी मुंगेरला ढिगारे उपसायला स्वतः फावडं हाती घेतलं. गांधीजींनी मात्र हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचं सांगितलं. रवींद्रनाथ ठाकूरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. सृष्टीतल्या घटनांना नैतिक कारणं चिकटवली तर लोकांच्या मनातला अविवेक आणखी बळावेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गांधीजींनी तो आक्षेप ‘हरिजन’मध्ये छापला आणि उत्तरही दिलं. अस्पृश्यतेविरुद्धच्या गांधीजींच्या तळमळीबद्दल पूर्ण आदर ठेवूनही म्हणावं लागतं की या वादात ठाकूर बरोबर होते. भेगेत गाडल्या गेलेल्या माणसांत दलितही होतेच.

शास्त्रज्ञांनाही या भूकंपानं चकवलं. डन, ऑडेन, घोष, वाडिया अशा भूवैज्ञानिकांनी गावोगाव फिरून नुकसानीचा नकाशा काढला. सर्वांत मोठा विध्वंस बिहारच्या मैदानात, तेव्हा भूकंपाचं केंद्रही तिथंच असणार, असा निष्कर्ष निघाला. पुढं जगभरच्या यंत्रनोंदी नव्यानं तपासल्यावर केंद्र पूर्व नेपाळात, एव्हरेस्टच्या दक्षिणेला सरकलं. मैदानातला विध्वंस गंगेच्या गाळानं वाढवलेला होता. आणि २०१३ मध्ये नेपाळच्या पायथ्याच्या टेकड्यांत चर खोदून संशोधकांनी ती चीरच शोधून काढली. १९३४ मध्ये ती जमिनीच्या वर आली होती. त्याच चरात त्याच चिरेवर आणखी एक जुनी मोड होती, १२५५ सालची. त्या भूकंपात नेपाळचा राजा अभय मल्ल दगावला होता. डोंगराची एकच कड पुन्हा पुन्हा उचलली जाते, हे त्या चरात डोळ्यांनी दिसत होतं.

१५ ऑगस्ट १९५० च्या संध्याकाळी, स्वातंत्र्याचा तिसरा वाढदिवस साजरा होत असताना, हिमालयाच्या पूर्व टोकाला आतापर्यंतचा सर्वांत मोठा धक्का बसला. महत्ता ८.६. जमिनीवर यंत्रांनी नोंदलेल्या भूकंपांत याहून मोठा दुसरा नाही. वनस्पती गोळा करणारा इंग्रज भटक्या फ्रँक किंग्डन-वॉर्ड आणि त्याची बायको जीन तिबेटातल्या रिमाजवळ तंबू ठोकून होते, म्हणजे अगदी केंद्राच्या शेजारी. ते वाचले. हादरे थांबल्यावर आकाशातून तोफांसारखे लागोपाठ आवाज आल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. डोंगरांचे उतार सोलून निघाले. सुबनसिरी नदी दरडीनं अडली, आठवड्याभरानं तो बांध फुटला आणि सुमारे सात मीटर उंचीच्या लोंढ्यानं खालची गावं वाहून नेली. भूकंपानं जितकी माणसं मारली, त्यांत या पाण्यानं पाचशेंहून अधिकांची भर घातली. दरडींचा गाळ पुढं वर्षानुवर्षं ब्रह्मपुत्रेत येत राहिला. दिब्रुगडपाशी नदीचं पात्र उथळ झालं आणि तिनं शहराचा मोठा भाग कापून नेला.

मग पंधरा-अठरा वर्षांत सगळे सुटे धागे एकत्र आले, आणि त्यातले दोन आपल्या अंगणातून गेलेले आहेत. पहिला दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात, आणि त्या दिशेच्या कलावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर थिजला ते काढता येतं. १९५० च्या दशकात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटातल्या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञांनी दख्खनचे नमुने मोजले. हा खडक विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला थिजला होता. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे सह्याद्री घडला तेव्हा सगळा भारत दक्षिण गोलार्धात होता आणि तिथून प्रवास करत इथवर आला. दुसरा धागा हिंदी महासागराच्या तळाचा. अरबी समुद्राच्या तोंडाशी कार्ल्सबर्ग नावाची पाण्याखालची डोंगररांग आहे. १९६२ मध्ये एका ब्रिटिश जहाजानं तिथलं चुंबकीय क्षेत्र मोजलं. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी त्या मोजणीवरून पुढच्या वर्षी दाखवलं की रांगेच्या दोन्ही बाजूंना समुद्रतळ सतत नवा तयार होतो आणि दूर सरकतो. तळ सरकतो तर त्याच्या पाठीवरचा भूखंडही सरकणार. १९६८ पर्यंत पृथ्वीचं कवच मोजक्या मोठ्या भूपट्टांत वाटलेलं आहे आणि ते एकमेकांना घासतात, भिडतात, एकमेकांखाली जातात, हे चित्र पक्कं झालं. आर्गांचं म्हणणं पंचेचाळीसेक वर्षांनी खरं ठरलं.

आज ती गोष्ट अशी सांगता येते. मादागास्करपासून सुटल्यावर भारताचा भूपट्ट वर्षाला १५ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वेगानं उत्तरेकडे निघाला. टेथिसचा तळ त्याच्यापुढं आशियाखाली जात राहिला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी समुद्र संपला आणि भूखंडाला भूखंड भिडला. खंडाचा खडक हलका, तो सहजी खाली बुडत नाही. भारताचा वेग उतरला, पण तो थांबला नाही. आजही तो वर्षाला चार-पाच सेंटिमीटर सरकतो. त्यातले सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयात जिरतात. बाकीचा रेटा तिबेट आणि त्यापलीकडच्या आशियाला सोसावा लागतो.

हे दोन सेंटिमीटर जिरतात कसे, यातच भूकंप आणि पर्वत यांचं नातं आहे. हिमालयाखाली भारताचा खडक एका मंद उताराच्या प्रस्तरभंगावरून, म्हणजे खोल चिरेवरून, उत्तरेकडे खाली सरकतो. उत्तरेला, खूप खोलवर, खडक तापून मऊ झालेला असतो आणि तिथं सरकणं सतत चालतं. दक्षिणेकडचा, पायथ्याच्या बाजूचा सुमारे १०० किलोमीटर रुंदीचा भाग मात्र घट्ट अडकलेला असतो. पावसाळ्यात फुगलेलं दार खांद्यानं रेटत राहावं, ते हलू नये आणि मग एकदम धाडकन उघडावं, तशी ही गत. अडकलेला काळ दशकांचा किंवा शतकांचा. तेवढ्या वेळात वरचा खडक दबतो, वाकतो, आणि अडकलेल्या भागाच्या उत्तर टोकावर, म्हणजे नेमक्या उंच शिखरांच्या रांगेत, जमीन वर्षाला काही मिलिमीटर वर येते. अडसर सुटला की साचलेली सगळी सरकण मिनिटाभरात होते. पायथ्याच्या टेकड्या झटक्यात पुढं आणि वर येतात, आणि मागची उंच रांग थोडी खालीही बसते. प्रत्येक भूकंपात एव्हरेस्ट वाढतं, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. उंच शिखरांची वाढ दोन भूकंपांच्या मधल्या शांततेत होते आणि भूकंप तिच्यातला काही वाटा परत घेतो. शेकडो फेऱ्यांनंतर जी शिल्लक उरते तो हिमालय. तीही नद्या झिजवत असतातच. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ समुद्राकडे नेतात.

हे नुसतं गणित न राहता मोजमापात दिसलं ते २५ एप्रिल २०१५ ला. गोरखा जिल्ह्यातल्या बारपाक गावाजवळ दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना प्रस्तरभंग सुटला आणि मिनिटभरात पूर्वेकडे सुमारे १५० किलोमीटर फाटत गेला. महत्ता ७.८. उपग्रहांनी भूकंपाच्या आधीची आणि नंतरची जमीन ताडून पाहिली. काठमांडूचं खोरं सुमारे एक मीटर वर आलं होतं आणि उत्तरेची उंच रांग अर्ध्या मीटरहून अधिक खाली बसली होती. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली, पाच लाखांच्या आसपास घरं मोडली. लांगटांग खोऱ्यातलं एक अख्खं गाव बर्फ आणि दगडांच्या लोंढ्याखाली नाहीसं झालं. नव्वद सालानंतर पुन्हा बांधलेला धरहरा दुसऱ्यांदा कोसळला. नेपाळात शनिवार सुट्टीचा, तो दिवस शनिवारच होता. शाळा भरलेल्या असत्या तर आकडा काय झाला असता, याचा विचार करवत नाही. पुढं नेपाळ आणि चीननं एव्हरेस्टची उंची नव्यानं मोजून डिसेंबर २०२० मध्ये एकत्र जाहीर केली, ८८४८.८६ मीटर.

भूकंपाच्या जेमतेम आठवडाभर आधी जगभरचे पन्नासेक तज्ज्ञ काठमांडूत जमले होते, आणि विषय होता या शहराला असलेला भूकंपाचा धोका. त्यांना काय येणार ते ठाऊक होतं, कधी ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशीची चीर काठमांडूखालीच थांबली, दक्षिणेच्या टेकड्यांपर्यंत पोचली नाही. म्हणजे अडकलेल्या पट्ट्याचा पुढचा भाग अजून सुटायचा आहे.

हा रेटा फक्त हिमालयाचा मामला आहे असंही समजू नये. उत्तरेला अडलेला भूपट्ट आपल्या सगळ्या पाठीवर ताण घेऊन असतो. दख्खनचं पठार स्थिर, असं शाळेत शिकलेल्या महाराष्ट्राला ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेनं आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीनं जागं केलं. कोयनेत धरणाच्या पाण्यानं जुन्या भेगांना निमित्त दिलं, पण खडकात ताण साचलेला होताच. किल्लारीची महत्ता ६.२, हिमालयाच्या हिशेबात मध्यम. तरी दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे धाब्याचे भार पहाटे झोपलेल्यांवर आले. कांगड्याचं कारण अठ्ठ्याऐंशी वर्षांनी लातूरला पुन्हा दिसलं.

आता सर्वांत मोठी काळजी कुमाऊँ, गढवाल आणि पश्चिम नेपाळच्या पट्ट्याची आहे. १९०५ आणि १९३४ च्या भूकंपांमधला हा टापू. भूवैज्ञानिक के. एन. खत्री यांनी १९८० च्या दशकातच त्याकडे बोट दाखवलं होतं. १८०३ मध्ये गढवालला मोठा भूकंप झाला, पण पश्चिम नेपाळचा खरा महाभूकंप ६ जून १५०५ चा. त्याची नोंद तिबेटी ग्रंथांत सापडते. तिथपासून वर्षाला दोन सेंटिमीटर धरले तर दहा मीटरहून अधिक सरकण साचलेली आहे. ती केव्हा सुटेल ते आजचं विज्ञान सांगू शकत नाही. तारीख सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. सुटेल हे मात्र नक्की, आणि आता त्या पट्ट्यात तीर्थक्षेत्रांच्या गावांतली बहुमजली हॉटेलं, उतारावर खांबांवर उभ्या केलेल्या इमारती आणि लाखोंची वस्ती आहे.

काठमांडूच्या खोऱ्यात भूकंपाआधी काही शाळांच्या जुन्या इमारतींना सळ्या आणि काँक्रीटचे पट्टे घालून बळकटी दिली होती. २०१५ मध्ये त्या टिकल्या. डेहराडून, नैनिताल, पिथोरागडच्या शाळांना आणि दवाखान्यांना हेच काम आज करता येण्यासारखं आहे. यात्रेला, सहलीला किंवा घर घ्यायला तिकडे जाणाऱ्या प्रत्येकानं इमारत भूकंपात टिकेल इतकी बळकट आहे का, हा प्रश्न विचारायला लागलं पाहिजे, आणि आपापल्या गावातल्या शाळेबद्दलही.